दर उन्हाळ्यात अंड्याचं कवच मऊ पडतंय? शिंपले वाढवण्याआधी पाण्याचं भांडं बघा

वाळवंटात घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांना हे ओळखीचं असणार. थंडीत अंडी एकदम खणखणीत, कवच इतकं टणक की फोडायला दोनदा आपटावं लागतं, आणि मग ऊन तापलं की दोन-तीन आठवड्यांत कवच पातळ व्हायला लागतं, उचलताना बोट आत जातं, कधी वरून खरखरीत लागतं जणू ओल्यावर वाळू चिकटलीये, आणि एखाद्या सकाळी खुराड्यात कवच नसलेलंच अंडं, नुसती पातळ कातडी आणि आत सगळं डुचमळतंय. पहिलं असं अंडं माझ्या मुलीला सापडलं होतं, "आई, ठमीने फुगा घातला!" म्हणून ओरडत आली. तेव्हा हसलो सगळे. तिसऱ्या उन्हाळ्यात कोणी हसत नव्हतं, कारण दर वर्षी तेच, थंडी आली की आपोआप बरं होतं आणि आपल्याला वाटतं की चला, आपण जे केलं ते लागू पडलं. तिथेच फसायला होतं. थंडीने केलेलं काम मी दोन वर्षं कॅल्शियमसाठी घातलेल्या शिंपल्यांच्या नावावर लिहीत होते.

आमच्याकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. सुख काय आहे तेही सांगते नाहीतर पुढचं वाचून वाटेल की बाईने उगाच डोक्याला ताप करून घेतलाय. पहाटे वाळू गार असते तेव्हा दार उघडलं की सगळ्या जणी पंख अर्धे उघडून पळत सुटतात, आणि पहिलं काम म्हणजे रात्री काय काय सरपटलं त्याचा शोध. दगडाखाली विंचू निघाला की ठमी त्याला चोचीत धरून आपट आपट आपटते आणि मग गिळते, आणि बाकीच्या पाच तिच्या मागे पळतात कारण तिच्याकडे काहीतरी आहे आणि आपल्याकडे नाही. वाळूत अंघोळ करताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मेलीच, पाय एकीकडे ताणलेले, मान वाकडी, डोळा अर्धा मिटलेला, मी धावत गेले तर उठली, अंग झटकलं, सगळी धूळ माझ्या तोंडावर. तर असं आहे. विंचू कमी झालेत आणि रोज चार-पाच अंडी मिळतात. बाकी आठ महिने तक्रार नाही.

आता मुद्द्यावर येते. कवच मऊ पडलं की पहिला सल्ला मिळतो तो कॅल्शियमचा. शेजारच्या काकू पण म्हणाल्या, "अगं शिंपले घाल की त्यांना, कॅल्शियम कमी पडतंय." सल्ला चुकीचा नाहीये. साधारण ६० ग्रॅमच्या अंड्यात कवच ५-६ ग्रॅमचं असतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एका अंड्यामागे कोंबडी २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम बाहेर टाकते. लेयर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, तिने दिवसाला ११० ग्रॅम खाल्लं तर ४ ग्रॅमच्या आसपास पोटात जातं, त्यातलं निम्मं अंगाला लागतं, कसंबसं भागतं. पण उन्हात भूक मरते, खाणं ८० ग्रॅमवर येतं आणि सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून शिंपल्याचा चुरा द्यायचाच.

पण मी काय केलं, पहिल्या उन्हाळ्यात एक वाटी ठेवली, दुसऱ्यात दोन, आणि तरी फरक नाही म्हटल्यावर रागाने फीडमध्येच कालवून टाकला. त्याने झालं असं की चव बदलली म्हणून त्यांनी फीडच कमी खाल्लं, वर कोंबड्यालाही ते खावं लागलं, त्याला बिचाऱ्याला कुठे अंडं घालायचंय, जास्तीचं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडाला त्रास देतं. वाढत्या पिल्लांचं तर अजून वाईट. तेव्हा कालवू नका, वाटी वेगळी ठेवा, जिला लागेल ती खाईल, कोंबडीला ते बरोबर कळतं. आणि पूड नको, जाडसर तुकडे हवेत, ते संध्याकाळी समोर असायला हवेत. कवच बसायला साधारण २० तास लागतात आणि त्यातले बरेचसे तास रात्रीचे, तेव्हा ती काही खात नसते, पोटात जाड तुकडे असतील तर ते रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. पूड पटकन पुढे निघून जाते. एवढं केलंत तर कॅल्शियमची बाजू झाली, त्यावर अजून डोकं लावू नका.

कारण कवच म्हणजे कॅल्शियम अधिक कार्बोनेट. कॅल्शियम आपण वाटीत देतो, कार्बोनेट कुठून येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते कोंबडीच्या रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतं. आणि उन्हाळ्यात कोंबडी दिवसभर काय करते? चोच उघडी ठेवून धापा टाकते. तिला घाम येत नाही, अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश, त्यामुळे बाहेर ३०-३२ च्या वर गेलं की श्वासावाटे पाणी उडवून अंग गार करणं एवढाच मोठा उपाय उरतो, बाकी तुरा आणि उघडे पंख यांनी होईल तेवढं. नेहमी मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारी कोंबडी धापा टाकताना २०० च्या वर जाते. प्रत्येक श्वासागणिक कार्बन डायऑक्साइड बाहेर, रक्तातलं बायकार्बोनेट कमी, आणि रात्री कवच बनवायची वेळ आली की विटांचा ढीग पडलाय पण चुना संपलाय अशी गत. तुम्ही अजून विटा आणून टाका, भिंत उभी राहणार नाही.

हे डोक्यात शिरल्यावर मी शिंपले मोजायचं सोडून धापा मोजायला लागले. वही केली एक. सकाळी किती वाजता पहिली चोच उघडते आणि संध्याकाळी किती वाजता शेवटची मिटते एवढंच लिहायचं. तुम्हीही आठवडाभर हे करा, दुसरं काही करायच्या आधी. आमच्याकडे सकाळी साडेनऊ ते रात्री आठ निघालं, म्हणजे साडेदहा तास. रात्री आठ बघून मीच चमकले कारण बाहेर तोपर्यंत छान वारा सुटलेला असायचा, मी स्वतः अंगणात बसलेली असायचे आणि कोंबड्या मात्र खुराड्यात बंद, धापा टाकत. मुंगसाच्या भीतीने खुराडं चारही बाजूंनी पॅक केलेलं आणि वर पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा रात्री आत उष्णता सोडत होता. वाळवंटाची एवढी एक चांगली गोष्ट असते की रात्र गार होते, आणि तीच मी बाहेर अडवून ठेवली होती.

मग दोन बाजूंच्या फळ्या काढून तिथे बारीक भोकांची जाड वेल्डेड जाळी मारली. साधी कोंबडीजाळी नको, ती मुंगूस आणि रानमांजर फाडतात आणि मोठ्या भोकांतून साप सरळ आत येतो, अंडी गिळून फुगलेला मग बाहेर निघत नाही आणि सकाळी आपण हात घालतो. हा अनुभव घ्यायची गरज नाही, मी घेतलाय. पत्र्याला वरून चुना लावला आणि त्याच्या वीतभर वर शेडनेट ताणली, मध्ये वारा खेळायला जागा ठेवून. नेट पत्र्यालाच चिकटवून टाकली तर उपयोग फार कमी. आणि सावली कुठे करायची यात पण माझी चूक झाली होती, मी दुपारी बाराच्या उन्हाचा विचार करून डोक्यावर छप्पर केलं, पण मारतं ते तीन ते सहाचं पश्चिमेचं तिरपं ऊन, ते छपराखालून आत शिरतं, तोपर्यंत हवा आणि जमीन दोन्ही तापलेल्या असतात. पश्चिमेला उभी आडोशाची भिंत हवी, चटई, गोणपाट, कुडाचा पडदा, काहीही.

गोणपाट ओला करून लावला तर अजून छान. कोरड्या हवेत ओल्या कापडातून येणारा वारा चांगला दहा अंशांनी वगैरे खाली येतो, हा आपल्याला मिळालेला फायदा आहे, दमट हवेत राहणाऱ्यांना हे सुख नाही. खाली सावलीतली थोडी वाळू पण सकाळी ओली करून ठेवते, त्या खड्डे करून त्यात पोट टेकून बसतात. फक्त खुराड्याच्या आत ओल करू नका, आतली शी ओली झाली की अमोनियाचा वास आणि माशा, नवीनच भानगड.

खायला पहाटे आणि संध्याकाळी. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी चढते, म्हणजे सकाळी दहाला भरपेट खाल्लं तर नेमकी भर दुपारच्या उन्हात भर. मी नऊ-साडेनऊला फीड उचलून ठेवते, पाच वाजता परत. दुपारी हवं तर कलिंगडाची साल, काकडी, तेवढंच पाणी पोटात जातं.

या सगळ्याने धापा साडेदहा तासांवरून सहा-साडेसहावर आल्या. बिनकवचाची अंडी जवळपास थांबली. मला वाटलं जिंकलो. पण कवच मनासारखं होईना, पातळ आणि खरखरीत ते होतंच, आणि पुढचा उन्हाळा आला तर परत एक-दोन फुगे.

इथे पाण्याची गोष्ट सुरू होते आणि खरं सांगायचं तर हे लिहितेय ते या भागासाठीच, कारण सावलीबद्दल सगळेच सांगतात.

कोंबडी एरवी दिवसाला पाव लीटरच्या आसपास पाणी पिते, खाण्याच्या साधारण दुप्पट. कडक उन्हाळ्यात ते अर्धा लीटर आणि त्याहून वर जातं. म्हणजे पाण्यात जे काही असेल तेही दुप्पट पोटात जातं. आणि वाळवंटात जमिनीतल्या पाण्यात काय असतं? मीठ. आमचं बोअरचं पाणी खारट, प्यायला आम्ही आरओ लावलेला, आणि आरओचं बाहेर पडणारं वेस्ट पाणी, जे सगळीकडे बादलीत साठवतात, ते मी मोठ्या हुशारीने कोंबड्यांना देत होते. पाणी वाचवतेय म्हणून स्वतःचं कौतुकही करत होते. आता जरा विचार करा, आरओ काय करतो, गोडं पाणी एका नळीने आणि त्यातलं सगळं मीठ दुसऱ्या नळीने. मी दुसऱ्या नळीचं पाणी कोंबड्यांपुढे ठेवत होते. एवढंच नाही, उन्हाळा म्हणून त्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर रोज टाकत होते, ती पण बव्हंशी क्षारच.

आणि तिसरी गोष्ट, ही लक्षात यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. भांडं उथळ, पसरट, उघड्यावर. वाळवंटी उन्हाळ्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर किंवा जास्तच उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. संध्याकाळी पाणी कमी झालं की मी काय करायचे, वरून तेवढंच ओतायचे. परत उडालं, परत ओतलं. कोंबडी पिते तेव्हा पाण्याबरोबर मीठही घेऊन जाते, त्याने प्रमाण वाढत नाही, पण ऊन पितं तेव्हा मीठ मागे ठेवून जातं. भांड्याच्या काठावर पांढरी रेघ असायची, मी ती नखाने खरवडायचे आणि विसरायचे. एकदा नवऱ्याने आरओ तपासायला आणलेलं टीडीएस मीटर, म्हणजे लीटरभर पाण्यात किती मिलीग्राम क्षार विरघळलेत ते दाखवणारं, सहज म्हणून त्या भांड्यात बुडवलं. बोअरचं थेट पाणी १४०० च्या आसपास, वेस्टचं २१००, आणि कोंबड्यांच्या भांड्यातलं, चार दिवस नुसतं वरून भरलेलं, ३४००. तो म्हणाला, "हे तू त्यांना पाजतेस?" मी काही बोलले नाही.

आता यात एक खोच आहे. जुन्या तक्त्यांमध्ये कोंबड्यांना १००० पर्यंत टीडीएस उत्तम, ३००० पर्यंत चालतं, फक्त शी पातळ होईल असं दिलेलं असतं, आणि ते कोंबडी जगण्याच्या दृष्टीने बरोबर आहे. कोंबडी धडधाकट दिसते. पण अंड्याच्या कवचाचं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात बॅलनेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरेच प्रयोग केले, कारण तिथेही बोअरचं खारं पाणी, आणि त्यात असं दिसलं की पिण्याच्या पाण्यात लीटरला ६०० मिलीग्राम एवढंच साधं मीठ असलं तरी कवचाचे दोष वाढतात, कोंबडी बाकी ठणठणीत असतानाही. आणि कारण परत तेच, कार्बोनेट. कवच बनवणाऱ्या ग्रंथीत कार्बोनिक अनहायड्रेज म्हणून एन्झाइम असतं, कार्बन डायऑक्साइडपासून बायकार्बोनेट बनवायचं काम त्याचं, खाऱ्या पाण्याने त्याचंच काम मंदावतं. म्हणजे धापांनी माल कमी केला आणि मिठाने कारखानाच बंद पाडला. शिंपले गोदामात पडून.

आणि सगळ्यात वाईट बातमी, पाणी बदललं की लगेच सुधारतं असं नाही. खाऱ्या पाण्याचा परिणाम गोडं पाणी सुरू केल्यावरही बराच काळ राहतो, हेही त्याच प्रयोगांत दिसलं होतं आणि माझ्याकडेही तसंच झालं. म्हणून आठवडाभर गोडं पाणी देऊन "काही उपयोग नाही" म्हणत सोडून देऊ नका. आमच्या जुन्या कोंबड्यांचं कवच त्या उन्हाळ्यात थोडंसंच सुधारलं, पीसगळ होऊन नवीन पिसं आली आणि परत अंडी सुरू झाली तेव्हा कुठे बरं दिसायला लागलं. उलट त्या वर्षी ज्या दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पहिल्यांदा अंड्यावर आल्या त्यांना पहिल्या दिवसापासून गोडं पाणी मिळालं, त्यांची अंडी भर उन्हाळ्यातही हातात टणक लागायची. एकाच खुराड्यात, एकाच फीडवर.

तर पाण्याचं मी आता काय करते. आरओचं गोडं पाणी आणि थोडं बोअरचं मिसळून मीटरवर ५०० च्या खाली आणते. तुम्ही म्हणाल एवढं गोडं पाणी कोंबड्यांना? हिशोब केला तर सात जणांना दिवसाला तीन-साडेतीन लीटर, सांडलवंड धरून पाच. एवढ्यासाठी मी तीन वर्षं अंड्यांची वाट लावली. पावसाचं पाणी साठवत असाल तर त्याच्याइतकं चांगलं काहीच नाही, कोंबड्यांसाठी एक ड्रम बाजूला ठेवा. भांडं उथळ पसरट नाही तर खोल आणि अरुंद तोंडाचं, पूर्ण सावलीत. आणि वरून भर घालायची नाही, शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडं घासायचं, मग नवीन. दिवसातून दोनदा. पांढरी रेघ दिसली की समजायचं आपण आळस केलाय.

पाणी गार हवं हे वेगळं सांगायला नको पण एक बारीक गोष्ट, निप्पल ड्रिंकर, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी, लावला असेल तर त्याची नळी उन्हातून जाते का बघा. आमची काळी नळी भिंतीवरून जायची, दुपारी पहिले काही घोट चहासारखे निघायचे, कोंबडी एकदा चोच लावून परत जाते आणि तहानलेली राहते, आपल्याला वाटतं पाणी तर आहे. नळी सावलीत घेतली, गोणपाटात गुंडाळली. मातीचं भांडं छान गार राहतं पण माती क्षार धरून ठेवते, बाहेरून पांढरं फूल येतं, तेव्हा दोन ठेवा आणि आलटून पालटून गोड्या पाण्यात भिजत घाला.

इलेक्ट्रोलाइट रोज नाही. उष्णतेची लाट आली, एक-दोन दिवस फार भयंकर आहेत, तेव्हा आणि तेही गोड्या पाण्यातूनच. धापांमुळे गेलेलं बायकार्बोनेट भरून काढायला खायचा सोडा देतात, चार लीटरला एक सपाट चमचा, अर्धा दिवस, आणि बाजूला साध्या पाण्याचं भांडं असलंच पाहिजे, ज्याला जे हवं ते. पण तुमचं पाणी आधीच खारं असेल तर सोड्याच्या वाटेला जाऊ नका, त्यातही सोडियमच आहे. आधी पाणी नीट करा, मग हे लाड.

आता एवढं सगळं सांगितलं तरी प्रत्येक मऊ अंडं उन्हाचं नसतं. एकच कोंबडी सतत असं घालतेय का ते बघा, तिला एक दिवस वेगळं ठेवलं की कळतं. वय झालेल्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं पण त्यावर पसरायला कवचाचा माल तेवढाच, ते पातळच होणार, त्याला इलाज नाही, तिने खूप घातलीत, बसू दे आता. नव्याने अंड्यावर आलेलीची पहिली एक-दोन विचित्र निघतात, तेही सोडून द्या. पण कवचावर सुरकुत्या, आतला पांढरा बलक पाण्यासारखा आणि सोबत शिंका किंवा घरघर असेल तर ते ब्राँकायटिससारखं इन्फेक्शन असू शकतं, एकदम सगळ्यांचीच अंडी घसरली, शी हिरवी, मान वाकडी असं काही असेल तर तर वाटच बघू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे. आणि कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहून कण्हत असेल तर अंडं अडकलंय, तेही डॉक्टरांचंच काम, घरी दाबादाबी करू नका.

रात्री खुराड्यात जायला कुरकुर करत असतील, तुरा फिका पडला असेल तर रात्री बॅटरी घेऊन फळ्यांच्या फटी बघा. कोरड्या गरम भागात कोंबडीची गोचीड असते, दिवसा फटीत, रात्री अंगावर. अंडी त्यानेही कमी होतात आणि आपण सगळा दोष उन्हाला देतो. त्यावर वेगळं कधीतरी लिहीन, तो विषय मोठा आहे, गोचीड उपाशी राहून वर्षानुवर्षं जगते एवढं सांगितलं तरी पुरे.

मऊ अंड्यांचा एक पुढचा त्रास म्हणजे ती फुटतात, कोंबड्यांना चव लागते आणि मग चांगली अंडीपण फोडून खायला लागतात. चिंगीला ही सवय लागली होती. अंडी दिवसातून तीनदा उचलायची, घालायची जागा अंधारी करायची, तिथे एक-दोन लाकडी अंडी ठेवायची, चोच मारून मारून कंटाळतात. अंडी तशीही उन्हाळ्यात लवकर उचलायला हवीत, कोंबडा असेल तर अंडी फळलेली असतात आणि एवढ्या गरमीत खुडूक कोंबडीशिवायच आत हालचाल सुरू होऊ शकते. हे मला कसं कळलं ते विचारू नका, जेवायच्या वेळची गोष्ट आहे.

या वर्षी आतापर्यंत एकच फुगा निघालाय. वहीत बघितलं तर त्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोन दिवस बाहेर होतो, पाणी काकूंकडे सोपवलेलं, आणि त्यांनी प्रेमाने भांडं सारखं काठोकाठ भरत ठेवलं होतं, वरून वरून. त्यांना काय बोलणार. दुसरा संशय ठमीवर आहे, कारण एवढं मोजून मापून ठेवलेलं गोडं गार पाणी सोडून ती कूलरच्या खाली टपकणारं पाणी पिताना पकडली गेलीये, आणि कूलरमध्ये मी बोअरचंच पाणी घालते, ते तर दिवसभर उडून उडून भांड्यापेक्षा खारट झालेलं. तिथे आता वीट लावलीये. ती विटेवर चढून पिते. उद्या जाळी मारणार आहे.